चिठ्ठीला आलेल्या तबकड्या

कोणत्याही कलेचा इतिहास दोन तऱ्हांनीं बिघडतो, असें आमचें मत आहे. एक तर तो कालानुक्रमाच्या इतका अधीन होतो कीं, प्रत्येक कृति ही केवळ पुढच्या कृतीची पायरी म्हणून दिसूं लागते. किंवा तो गुणानुक्रम लावण्याच्या नादीं लागतो. रॉक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीताच्या वांट्याला हे दोन्ही दोष भरपूर आले आहेत. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकानें २००३ सालीं सर्वश्रेष्ठ अशा ५०० आल्बमांची यादी छापली, तींत बीटल्स मंडळीचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' पहिला होता व मार्विन गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहावा. २०२० सालीं तीच यादी नव्यानें सिद्ध झाली, तेव्हां मार्विन गे पहिला आला आणि बीटल्सचा तो आल्बम चोविसाव्या स्थानीं उतरला. मधल्या सतरा वर्षांत त्या तबकड्यांवरील एक रेघहि बदलली नव्हती. बदलले ते परीक्षक.

म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं निराळी वाट धरली. साठसत्तर आल्बमांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहिलीं व त्यांतून आठ चिठ्ठ्या न पाहतां उचलल्या. जो आल्बम येईल तो एका बैठकींत ऐकावयाचा, संपतांच मनावर उमटलेला ठसा चार ओळींत टिपून ठेवावयाचा, आणि तारखा, चरित्रें व ग्रंथ यांच्याकडे त्यानंतरच वळावयाचें, असा नेम केला. आमच्या वयाला व पेशाला हा खेळ शोभत नाहीं, असें घरांतील मंडळींचें मत पडलें. तथापि टिपणें आणि ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां एक गोष्ट ध्यानांत आली, व तिच्यासाठींच हा लेख लिहीत आहों. पहिल्या ऐकण्यांत कानाला जें विशेष झोंबतें किंवा भावतें, तें बहुधा त्या कृतीवर उठलेला कोणत्या तरी अडचणीचा वळ असतो. ती अडचण वेळेची असेल, पैशाची असेल, यंत्राची असेल अथवा शरीराची असेल. पण गुणानुक्रम लावणारे तिला विसरतात आणि कान विसरत नाहीं.

आधीं आल्बम म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचें गाणें मावे. (आमच्याकडील बुजुर्ग गवयांनीं अख्खा राग तेवढ्यांत बसवून दाखविला, हें आमच्या वडील पिढीला सांगावयास नको.) लांबलचक रचना ऐकावयाची तर अशा अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या एका बांधीव पुस्तकांत घालून विकीत, त्या पुस्तकाचें नांव आल्बम. १९४८ च्या जून महिन्यांत कोलंबिया कंपनीनें न्यूयॉर्क येथें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी लोकांपुढें मांडली. बाजूला वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं, पुस्तक गेलें, परंतु नांव टिकलें. पुढील पस्तीसएक वर्षें गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनीं या दोन बाजूंच्या मापानेंच विचार केला.

पहिली चिठ्ठी निघाली ती ब्लॅक सॅबथच्या 'पॅरॅनॉइड' या १९७० च्या आल्बमाची. आमच्या टिपणांत एवढेंच आहे : "हें संगीत नव्हे, कारखाना आहे. गिटार वाजत नाहीं, घण पडतो. आणि तरीहि उठून जाववत नाहीं." मागाहून चरित्र पाहिलें, तों कारखाना खरोखरीचाच निघाला. या चमूचा गिटारवादक टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. १९६५ सालीं, नोकरीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं, यंत्राखालीं सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबावयाचा हात तोच. वादन संपलें असें समजून तो बसला असतां कारखान्यांतील त्याच्या वरिष्ठानें त्याला जँगो राइनहार्टची एक तबकडी आणून ऐकविली, आणि मग सांगितलें कीं, आगीत भाजून हा वादक दोन बोटांनीं अधू झालेला आहे. आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून तुटक्या बोटांसाठीं टोपणें केलीं, त्यांवर चामडें चिकटविलें, आणि दाबावयास हलक्या म्हणून बारीक तारा गिटारीवर चढविल्या. टोपणांतून तारेचा स्पर्श कळत नाहीं. तेव्हां नाजूक हरकती सोडून दोन-तीन स्वरांचे ठोस गुच्छ भरभक्कम आवाजांत वाजविण्याकडे त्याचा कल झाला. बोटें तुटलीं म्हणून प्रतिभा आली, असें म्हणणें हा वेडगळपणा होईल. तसे अपघात त्या गांवांत पुष्कळांस झाले असतील. पण प्रतिभेनें कोणता रस्ता धरला तें त्या टोपणांनीं ठरविलें, यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. आल्बमाला ज्या गाण्याचें नांव मिळालें तें तर तबकडीवर थोडी जागा उरली म्हणून घाईघाईनें रचलेलें, आणि तेंच जगभर गाजलें. २०२५ च्या जुलैंत या चौघांनीं बर्मिंगहॅमलाच निरोपाची मैफल केली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्यांचा गायक ऑझी ऑझबर्न निवर्तला.

दुसरी चिठ्ठी बीटल्सच्या पहिल्या आल्बमाची, 'प्लीज प्लीज मी' (१९६३). आमचें टिपण : "पोरें उत्साही; शेवटच्या गाण्यांत गळा फाटला आहे, तेंच सर्वांत चांगलें." चौदांपैकीं दहा गाणीं ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसांत उरकलीं होतीं. जॉन लेननला पडसें झालें होतें. म्हणून घसा फोडणारें 'ट्विस्ट अँड शाउट' हें गाणें मुद्दाम शेवटास ठेविलें होतें. याहून अधिक सांगण्याजोगें त्या आल्बमांत आम्हांस कांहीं आढळलें नाहीं.

बीच बॉइज यांचा 'पेट साउंड्स' (१९६६) ऐकल्यावर मात्र आम्ही बराच वेळ गप्प बसलों. "भोंपू, सतार नव्हे पण सतारीसारखें कांहीं, सायकलची घंटा, सगळें एकाच खिडकींतून आंत येणाऱ्या उन्हासारखें, कोणतें वाद्य कोठें संपतें तें सांगतां येत नाहीं." हा आल्बम रचणारा ब्रायन विल्सन लहानपणापासून उजव्या कानानें जवळजवळ बहिरा होता. डाव्या-उजव्या बाजूंनीं निरनिराळा आवाज ऐकविण्याची सोय तेव्हां उपलब्ध होती. पण त्याला तिचा उपयोग काय? त्यानें सारीं वाद्यें एकाच धारेंत ओतलीं. १९९७ सालीं त्याच मूळ फितींवरून दुबाजू आवृत्ति तयार करण्यांत आली. ती स्वच्छ आहे, विद्यार्थ्यांस उपयोगी आहे. पण पैठणीचे धागे उसवून रंगवार मांडून ठेवावे तशी ती आम्हांस वाटली.

अडचणीच्या या सिद्धान्ताला 'नेब्रास्का' (१९८२) याहून सोयीची तबकडी मिळाली नसती. ब्रूस स्प्रिंगस्टीननें न्यू जर्सींतील आपल्या राहत्या घरीं, एका साध्या चार-पट्टी कॅसेट-यंत्रावर, जवळजवळ एकट्यानें हीं गाणीं नोंदविलीं. तीं केवळ आपल्या साथीदारांना चाल कळावी म्हणून केलेला कच्चा खर्डा होतीं, आणि ती कॅसेट तो कित्येक दिवस विजारीच्या खिशांत घालून हिंडत होता. पुढें सगळा वाद्यवृंद जमवून पक्कें मुद्रण करून पाहिलें; पण खर्ड्याची सर येईना, तेव्हां खर्डाच प्रसिद्ध झाला. आमच्या टिपणांत "रात्रीं उशिरा शेजारच्या खोलींत कोणी स्वतःशीं बोलत आहे" असें वाक्य आहे. वाद्यवृंदासह केलेलीं तीं मुद्रणें २०२५ सालीं बाहेर आलीं आहेत. तीं ऐकतांना शेजारची खोली नाहींशी होऊन सभागृह उभें राहतें, आणि खुनी, कर्जबाजारी, बेकार अशा त्या माणसांनीं एवढ्या मोठ्यानें बोलावें हें पटत नाहीं.

क्वीनच्या 'ए नाइट ॲट दि ऑपेरा' (१९७५) या आल्बमाविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. त्यांत पोषाख फार आहे. परंतु त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा झांजिबारांत जन्मलेला फारोख बलसारा, आणि त्याचें शिक्षण आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत झालें, हें वाचून मराठी वाचकाचें कुतूहल जागें होणें साहजिक आहे. आवाजावर आवाज चढवीत शेकडों गळ्यांचा भास उत्पन्न करण्याची त्याची हौस मात्र ऐकण्याजोगी आहे.

आतां आमच्या म्हणण्याला बाध आणणारी तबकडी. पिंक फ्लॉइड यांचा 'दि डार्क साइड ऑफ दि मून' (१९७३) तयार होतांना ना पैशाची ओढ होती, ना यंत्रांची. सोळा पट्ट्यांचीं यंत्रें, महिनोन् महिने वेळ, आणि फळ तर बांधेसूद! टिपणांत "एकहि मिनिट जास्त नाहीं" असें लिहून आम्हीं स्वतःची पंचाईत करून घेतली आहे. एवढेंच म्हणतां येईल कीं, मुद्रणापूर्वीं व मुद्रण चालूं असतां मिळून सुमारें वर्षभर ही रचना प्रत्यक्ष श्रोत्यांपुढें वाजविली जात होती. जें कंटाळवाणें तें समोरच्या गर्दीनेंच छाटलें असावें. शिवाय दोन बाजूंचें माप येथेंहि होतेंच. पहिल्या बाजूच्या अखेरीस क्लेअर टोरी हिचा शब्दावांचून आक्रंदणारा आवाज हळूहळू मावळतो. तबकडी ऐकणाऱ्यानें येथें उठावें, सुई उचलावी, तबकडी उलटावी. आणि मग दुसऱ्या बाजूस गल्ल्याचा खणखणाट सुरू होतो. मरणानंतर पैसा, आणि मध्यें तें क्षणभराचें मौन. आज मोबाइलवर ऐकणाऱ्यास तें मौन मिळत नाहीं. रुदन थांबतें न थांबतें तोंच नाणीं वाजतात, आणि रचना जणूं सुतकांतच हिशेबाला बसते.

१९८२ सालीं जपानांत कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली. तिच्यावर ७४ मिनिटें मावत, आणि उलटण्याचें कारण उरलें नाहीं. त्याचा परिणाम आमच्या सातव्या चिठ्ठींत दिसला. ओएसिस या इंग्लिश चमूचा 'बी हिअर नाउ' हा १९९७ च्या ऑगस्टांत निघाला, तेव्हां दुकानांपुढें रांगा लागल्या होत्या. तो एकाहत्तर मिनिटें चालतो. गिटारीवर गिटार, तिच्यावर आणखी गिटार. एक गाणें तर नऊ मिनिटें होऊन गेलीं तरी निरोप घेत नाहीं. यजमान श्रीमंत, पंगत मोठी, आणि पाटावरून उठूं देत नाहींत, अशी आमची अवस्था झाली. जागा आहे म्हणून भरावयाची, हा न्याय कोठारास ठीक, गाण्यास नव्हे.

शेवटची चिठ्ठी यादींतील त्या जुन्या मानकऱ्याची, 'सार्जंट पेपर'ची (१९६७). तो आम्हांस प्रथम क्रमांकाचा वाटला नाहीं आणि चोविसाव्याहि वाटला नाहीं. कांहीं गाणीं आज खेळण्यासारखीं वाटतात, शेवटचें मात्र अंगावर कांटा आणतें. पण आमच्या टिपणाचा मोठा भाग दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याविषयीं आहे : "गायकाच्या मागोमाग दिलरुबा चालला आहे, सांवलीसारखा, वाजविणाऱ्याला गाणें कळलें आहे." हें जॉर्ज हॅरिसनचें गाणें. त्यांत इतर तिघां बीटल्सपैकीं कोणीहि वाजविलेलें नाहीं. दिलरुबा, तंबोरा व तबला यांची साथ लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेमार्फत आलेल्या हिंदी वादकांनीं केली. ही संस्था मूळचे कर्नाटकांतील अयन अंगडी व त्यांची इंग्लिश पत्नी यांनीं काढलेली. त्या तबकडीच्या वेष्टनावर गाण्यांचे शब्द संपूर्ण छापलेले आहेत, जी त्या काळीं नवलाई होती. दर्शनीं भागावर साठाच्या आसपास नामांकित स्त्रीपुरुषांचीं चित्रें आहेत. त्यांत गांधीजींचेंहि चित्र होतें. हिंदुस्थानांतील गिऱ्हाइकें दुखावतील या भीतीनें मुद्रण-कंपनीच्या प्रमुखानें तें काढावयास लाविलें. साथीदारांचीं नांवें काढण्याचा प्रश्न आला नाहीं, कारण तीं घातलींच नव्हतीं. तीं पुष्कळ वर्षांनीं संशोधकांच्या लेखनांतून बाहेर आलीं : दिलरुब्यावर अमृत गज्जर व अण्णा जोशी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी.