‘ओपन द लाइट’: इंग्रजी शिकताना चिनी भाषिक नेमके कुठे अडखळतात?

खोलीत अंधार आहे आणि सोबतचा चिनी सहकारी म्हणतो, ‘प्लीज ओपन द लाइट’. ऐकणाऱ्याला हसू येतं. लाइट काय दार आहे का उघडायला?

पण चिनी भाषेत लाइट खरंच ‘उघडतात’. मँडरिनमध्ये ‘खाइ’ असं एक क्रियापद आहे. शब्दकोशात त्याच्यासमोर पहिला अर्थ दिसतो ‘ओपन’, म्हणजे उघडणे. मात्र हाच ‘खाइ’ लाइट लावायला, गाडी चालवायला, मीटिंग घ्यायलाही वापरतात. फूल उमलतं तेव्हा आणि पाणी उकळतं तेव्हाही ‘खाइ’च. इंग्रजीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द लागतो.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. मराठीतलं ‘लावणे’ आठवा. टीव्ही लाव म्हणजे सुरू कर, कुकर लाव म्हणजे गॅसवर चढव, झाड लाव म्हणजे रोप जमिनीत खोच. आणि दार लाव म्हणजे बंद कर! मराठी शिकणाऱ्या एखाद्या चिनी माणसाचं यावर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

पाठांतराचा घोटाळा

चीनमधल्या ‘गाओखाओ’ या कॉलेज प्रवेश परीक्षेत साधारणपणे ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे असतात. त्यामुळे एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला चिनी अर्थ अशा याद्या पाठ करण्यावर मोठा भर असतो. वर्णानुक्रमे लावलेल्या अशा अनेक पुस्तकांत सुरुवातीलाच ‘अबॅन्डन’ हा शब्द येतो. अर्थ, सोडून देणे. बरेच जण तिथेच अभ्यास सोडून देतात, हा तिकडचा जुना विनोद आहे.

यादीतून शब्द कळतो, तो कुठे वापरायचा ते कळत नाही. ‘बू शूफू’ याचा यादीतला अर्थ ‘अनकम्फर्टेबल’. चिनीत तो अंगात कणकण असली, पोट बिघडलं, डोकं दुखलं तरी चालतो. आपल्या ‘बरं वाटत नाही’सारखा. आता हाच माणूस परदेशात बॉसला म्हणतो, ‘आय ॲम अनकम्फर्टेबल टुडे’. बॉसला वाटतं, याला ऑफिसात कोणाचा तरी त्रास होतोय. त्याला म्हणायचं असतं ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल’. व्याकरण बिनचूक, शब्दही यादीतलाच, तरी निरोप भलताच पोचतो. माझ्या मते स्पेलिंगच्या चुकांपेक्षा ही चूक जास्त महागात पडते, कारण चूक झाली आहे हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही.

‘वान’चंही तसंच. अर्थ खेळणे, पण मोठी माणसं भेटायला, गप्पा मारायला, फिरायला जातात त्यालाही ‘वान’च म्हणतात. म्हणून तिशीतली व्यक्ती सहज म्हणून जाते, ‘कम टू माय हाऊस टू प्ले’. इंग्रजी कानांना ते लहान मुलाचं वाक्य वाटतं.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ या दोन्हींना चिनीत ‘ज्ये’ हा एकच शब्द चालतो. देणं की घेणं हे बाकीच्या वाक्यावरून ठरतं, जसं मराठीत ‘उसने’ दोन्हीकडे असतं. ‘ही’ आणि ‘शी’ची गल्लत तर प्रसिद्धच आहे. चिनीत तो आणि ती लिहिताना वेगळे, बोलताना दोन्ही ‘था’. इंग्रजी उत्तम येणारे लोकही घाईत पत्नीला ‘ही’ म्हणतात. आणि ‘ऑलदो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ घालायची सवय? चिनीत तशी जोडी लागतेच. आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ लागतं, म्हणून आपणही तेच करतो.

शून्यं कुठे गेली?

आकड्यांत मात्र प्रकरण पैशांपर्यंत जातं. इंग्रजी मोजणी हजाराच्या टप्प्याने चालते: थाउजंड, मिलियन, बिलियन. चिनी मोजणी दहा हजारांच्या टप्प्याने. दहा हजार म्हणजे एक ‘वान’ (उच्चार खेळण्याच्या ‘वान’सारखाच, फक्त सूर वेगळा) आणि दहा कोटी म्हणजे एक ‘यी’. त्यामुळे एक मिलियन म्हणजे शंभर वान, आणि १.४ बिलियन म्हणजे १४ यी. बोलता बोलता हे रूपांतर करताना एक शून्य इकडचं तिकडे झालं, की सौद्याची रक्कम दहापट बदलते. लाख-कोटीत विचार करणाऱ्या आपल्यालाही मिलियन ऐकल्यावर क्षणभर थांबावं लागतंच. कागदावर पूर्ण आकडा लिहून दाखवणं हा यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय.

काही वेळा गाडी उलट्या दिशेनेही धावते. ‘ज्या-यो’ हा चिनी लोकांचा हुरूप वाढवायचा शब्द. मॅचमध्ये, परीक्षेआधी सगळीकडे ऐकू येतो. शब्दशः अर्थ, तेल घाल. हाँगकाँगच्या इंग्रजीत त्याचं ‘ॲड ऑइल’ झालं. लोक आधी त्यावर हसायचे. २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने त्याची नोंद घेतली.