मॉडेल नंबर ते नाव: फॅन फिक्शनमध्ये यंत्र ‘व्यक्ती’ कसं होतं?

एकाच चेहऱ्याचे, एकाच आवाजाचे दोन रोबो समोर उभे आहेत. दोघंही म्हणतात, मीच खरा. ओळखणार कसं?

हा प्रसंग आहे ‘डेट्रॉइट: बिकम ह्युमन’ या गेममधला. क्वांटिक ड्रीम या फ्रेंच कंपनीने तो २०१८ मध्ये आणला. गोष्ट घडते २०३८ सालच्या अमेरिकेत, जिथे हुबेहूब माणसासारखे दिसणारे अँड्रॉइड दुकानात विकत मिळतात. या गेमवर चाहत्यांनी भरपूर फॅन फिक्शन, म्हणजे त्यातली पात्रं घेऊन स्वतःच्या गोष्टी लिहिल्या आहेत.

चेहरा एक, पात्रं तीन

कॉनर हा पोलिसांना मदत करणारा अँड्रॉइड. त्याच्या सीरियल नंबरच्या शेवटी ५१ आहे. तो मेला, तर कंपनी त्याच्या आठवणी भरून ५२ नंबरचा कॉनर पाठवते. फोन बदलला, बॅकअप तोच, असा हिशोब.

पुढे एका वळणावर ६० नंबरचा कॉनर येतो. पोलीस अधिकारी हँक प्रश्न विचारून खरा कॉनर शोधतो. पंचाईत अशी की ६० नंबरकडेही त्याच आठवणी आहेत. चाहत्यांनी त्याला ‘सिक्स्टी’ म्हणायला सुरुवात केली आणि विचारलं: न जगलेल्या आठवणी डोक्यात घेऊन हा जगेल कसा?

तिसरा आरके९००. गेमच्या एका शेवटात तो काही क्षण दिसतो, एक शब्दही बोलत नाही. सरकारने या मॉडेलच्या २ लाख नगांची ऑर्डर दिलेली असते. चाहत्यांनी त्यातला एक उचलला, त्याला ‘नाइन्स’ नाव दिलं आणि अँड्रॉइडचा तिरस्कार करणाऱ्या गॅव्हिन रीड या डिटेक्टिव्हचा जोडीदार केलं.

व्यक्ती ठरते कशावरून?

या गोष्टींमध्ये बुद्धीची परीक्षा क्वचितच असते. नाव मिळणं, हुकूम नाकारता येणं आणि ‘हा गेला तर दुसरा चालणार नाही’ असं कुणाला तरी वाटणं, यावर सगळं ठरतं.

इंग्रजीत हा बदल सर्वनामातही दिसतो. सुरुवातीला अँड्रॉइडसाठी ‘इट’, नंतर ‘ही’ किंवा ‘शी’. मराठीत मात्र रोबो पहिल्यापासून ‘तो’च आणि खुर्चीसुद्धा ‘ती’! त्यामुळे मराठीत लिहिताना हा क्षण दुसऱ्या कशातून तरी दाखवावा लागेल.

मग माणूसच व्हायचं का?

इथे लेखकांमध्ये दोन वाटा आहेत. काही जण अँड्रॉइडला जेवायला, झोपायला, रडायला लावतात. काही जण मुद्दाम तसं करत नाहीत. त्यांचा नाइन्स जेवत नाही, हसत नाही आणि तरीही त्याचं मत विचारलं जातं.

दुसरी वाट जास्त अवघड आहे. आपल्यासारखं वागणाऱ्याला आपलं म्हणणं सोपं असतं. अजिबात न बदलणाऱ्याला मान द्यायचा की नाही, हा प्रश्न रोबोपुरता राहत नाही.

चॅटबॉटला मन आहे, असं या गोष्टींवरून सिद्ध होत नाही. पण २ लाखांपैकी एकाला नाव देताच तो ‘नग’ राहत नाही, हे त्या दाखवतात. उरलेल्या १,९९,९९९ जणांचं काय, हा प्रश्न मग आपोआप येतो.