गाडी घोंघावते कुठून? १८४५ पासूनची गोष्ट

१९ व्या शतकातल्या लंडनमध्ये एखाद्या सधन घरात कुणी खूप आजारी पडलं, की घरासमोरच्या रस्त्यावर पेंढा अंथरायचे. कारण काय, तर दगडी रस्त्यावरून लोखंडी धावेची चाकं गेली की माणसाला झोप लागणं अशक्य. आपल्याकडे बैलगाडी फरसबंदीवरून जाताना ज्यांनी ऐकलीय, त्यांना धावेचा खडखडाट वेगळा सांगायला नको. लंडनमध्ये काही रस्त्यांवर दगडाऐवजी चक्क लाकडी ठोकळे बसवले होते, आणि आवाज कमी व्हावा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

या खडखडाटावर २३ वर्षांच्या एका स्कॉटिश इंजिनिअरने उपाय काढला. रॉबर्ट विल्यम थॉमसन. १० डिसेंबर १८४५ चं त्याचं पेटंट आहे. रबर लावलेल्या कॅनव्हासची हवा भरलेली नळी आणि वरून चामड्याचं कव्हर. फायदे त्याने तीन सांगितले: गाडी ओढायला जोर कमी लागेल, बसणाऱ्याला आराम मिळेल आणि चालताना आवाज कमी होईल. म्हणजे बघा, शांतता हा टायरचा नंतर सुचलेला उपयोग नाही, ती पहिल्याच व्हर्जनच्या फीचर लिस्टमध्ये आहे! १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने ही चाकं घोडागाडीवर चालवूनही दाखवली. पण रबर महाग, मोटारगाडीचा पत्ता नाही. लोक विसरले. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हीच गोष्ट पुन्हा शोधली. त्याचं पेटंट पुढे थॉमसनमुळेच रद्द ठरलं. जुना कोड न बघता नवीन फीचर लिहिणारे आपल्या ऑफिसातही असतात, त्यामुळे मला डनलपबद्दल जरा आपुलकी आहे.

आता हे सगळं मी का उकरत बसलो? तर मागच्या वर्षी मी सेकंड हँड हॅचबॅक घेतली. शहरात एकदम झकास. पण हायवेवर ६० च्या पुढे काटा गेला की मागून घों... असा आवाज. आमच्या बाबांना कानाचं मशीन आहे, आणि मशीन हा आवाजही मोठा करून देतं. सातारा रोडला लागलो की ते मशीन काढून खिशात ठेवायचे आणि गावापर्यंत गप्प. दोन-अडीच तास. ते मला सहन होईना.

गॅरेजवाले काका एका राउंडमध्ये म्हणाले, "मागची दोन्ही बेअरिंगं गेलीत."

शंका रास्तच होती. बेअरिंगचा इतिहासही असाच भारी आहे. स्वीडनमधल्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. गिरणीखालची चिकणमाती सरकायची, शाफ्ट वाकडे व्हायचे, बेअरिंगं मोडायची. वैतागून त्याने स्वतःला जुळवून घेणारं बॉल बेअरिंग काढलं आणि १९०७ मध्ये त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली. चाकाच्या बेअरिंगमध्ये गोळ्या ज्या वाटेवर फिरतात, ती वाट खडबडीत झाली की गाडी गुरगुरते. दुर्लक्ष केलं तर चाकच ढिलं होतं. त्यामुळे हे आधी तपासायलाच हवं.

लांब वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, म्हणून खराब बेअरिंगचा आवाज साधारणपणे एका बाजूच्या वळणावर वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो. माझ्या गाडीत काहीच फरक नाही. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवलं, वरून-खालून धरून हलवलं. खरखर नाही, ढिलेपणा नाही. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये एकाच वेगाला आवाज तोच, म्हणजे इंजिनही सुटलं.

मग नवीन डांबराचा एक पट्टा लागला आणि आवाज एकदम अर्ध्यावर आला! पट्टा संपला, परत घों. आता बेअरिंगला रस्ता कुठला याच्याशी काय देणंघेणं? २००२ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तुम्ही हे ऐकलं असेल. काँक्रीटवर पकडीसाठी खरखरीतपणा ठेवलेला असतो, तिथे टायर वेगळ्याच सुरात गातात.

घरी येऊन मागच्या टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवतीसारखा. टायरवरचे रबरी ठोकळे कंपनी मुद्दाम लहानमोठे करते, म्हणजे सगळे एकाच तालात रस्त्यावर आपटत नाहीत आणि आवाज विखुरतो. पुढची चाकं इंजिन ओढतं, मागची नुसती घरंगळतात. अशा गाडीत टायर पुढे-मागे बदललेच नाहीत, तर मागच्या ठोकळ्यांची एकच कड झिजते आणि प्रत्येक ठोकळा चापट मारत जातो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहिले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढची जोडी मागच्यापेक्षा चार वर्षांनी नवी! आधीच्या मालकाने फक्त पुढचे बदलले होते.

तरी खात्री हवी होती. टायरवाल्याकडून पुढचे मागे, मागचे पुढे करून घेतले. आवाज बरोबर पुढे आला. संपला प्रश्न. बेअरिंगं आहेत तशीच आहेत. टायर दोन नवीन घेतले आणि अलाइनमेंट करून घेतली.

आवाज पूर्ण जात नाही हं. टायरमधली हवा स्वतःच २०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणून काही महागड्या टायरमध्ये आतून फोम लावतात. थॉमसनच्या हवेचा हा उरलेला बग म्हणा.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा खंबाटकी ओलांडेपर्यंत बाबा सलग राजकारणावर बोलत होते. मशीन कानात. मध्येच मला म्हणाले, "तो एसी जरा कमी कर, फार आवाज करतोय."