पोरकी मुलं आणि न उलगडलेले खून

आमच्या नंदाखालमध्ये पवित्र आत्म्याचं चर्च आहे. त्याची स्थापना 1573 सालची. घरी आम्ही कादोडी बोलतो, पुस्तकं मात्र मराठीत आणि इंग्रजीत वाचतो. अशा गावात राहून मला वाचनाच्या दोन आवडी जडल्या. एक अनाथ मुलांच्या जुन्या कादंबऱ्यांची आणि दुसरी गतकाळात घडणाऱ्या खुनांच्या रहस्यकथांची. "हे वाचून मिळतं काय?" असं कुणी विचारलं, तर "मजा" असं सरळ उत्तर मी देतो. पण ही मजा कुठून येते, हे शोधायला गेलं की आपण थेट इतिहासात शिरतो. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी अनाथांचं बघू. चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' 1837 ते 1839 या काळात क्रमशः छापून आली. इंग्लंडात 1834 साली गरिबांसाठी नवा कायदा झाला होता आणि निराधारांना राबवून घेणाऱ्या वर्कहाउसेसवर लोक चिडले होते. ऑलिव्हरचा जन्म तसल्याच एका वर्कहाउसात होतो. पुढे 1847 साली 'जेन एअर' आली. 1901 साली किपलिंगचा किम आला. मुंबईत जन्मलेल्या लेखकाचा हा पोरका नायक लाहोरच्या रस्त्यांवर वाढतो आणि हेरगिरी शिकतो. 1911 सालच्या 'द सिक्रेट गार्डन'मधली मेरी तर हिंदुस्थानातच पटकीच्या साथीत आईबाप गमावते. ही पुस्तकं साहेबाच्या देशातली असली, तरी त्यातल्या कितीतरी वाटा आपल्या अंगणातून जातात.

आपल्या अंगणातला इतिहास मात्र कादंबरीइतका दयाळू नाही. वसई 1534 साली पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत 'अनाथ' हा शब्द कायद्यातला होता. पोर्तुगीज नगरव्यवस्थेत अनाथांची मालमत्ता सांभाळण्यासाठी खास न्यायाधीश असे. 1559 साली पोर्तुगालच्या राजाचा हुकूम निघाला, की ज्या हिंदू मुलांना आईबाप आणि आजीआजोबा नाहीत, ती गोव्यात जेझुइटांच्या ताब्यात द्यावीत आणि ख्रिस्ती म्हणून वाढवावीत. अंमलात तर आई जिवंत असलेल्या मुलांनाही त्याची झळ लागली. दुसऱ्या बाजूला लिस्बनहून राजाच्या खर्चाने अनाथ मुली जहाजातून गोव्याला पाठवल्या जात. इथे त्यांची लग्नं लावून देत आणि हुंड्यात सरकारी हुद्दे देत, उत्तरेकडच्या प्रांतातली गावंसुद्धा देत. म्हणजे एका पोरक्या मुलीच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी गावाचा वसूल आंदण जात होता. या मुलांमुलींनी मागे आत्मकथा ठेवल्या नाहीत. त्यांचा ऑलिव्हर कुणी लिहिला नाही.

मराठीत पोरकेपणाची खरी कहाणी पाहायची तर पंडिता रमाबाईंची पाहावी. 1874च्या सुमारास दुष्काळात वणवण करताना त्यांचे आईवडील गेले. तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर भटकत त्या 1878 साली कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना त्यांनी केडगावला आणलं. कादंबरीत अनाथाला सांभाळणारा कुणीतरी श्रीमंत नातेवाईक अखेरीला भेटतो. इथे अनाथ मुलगीच मोठी होऊन इतरांची आई झाली.

आता खुनांकडे वळू. एप्रिल 1891 मध्ये मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून दोन तरुण पारशी स्त्रिया खाली पडून मरण पावल्या. त्यातली बचुबाई ही अर्देशिर गोदरेज यांची पत्नी. हेच अर्देशिर पुढे कुलपं आणि तिजोऱ्यांचे कारखानदार म्हणून नावारूपाला आले. हा खून होता की आत्महत्या, यावर शहर ढवळून निघालं. खटला झाला, संशयित सुटला आणि प्रश्न तसाच राहिला. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या जुलैपासून लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सच्या कथा येऊ लागल्या. तिथे प्रत्येक गोष्टीत गुन्ह्याचा उलगडा होई. मुंबईत मात्र घड्याळाखाली गूढ तसंच पडून होतं.

मराठी वाचकालाही ही गोडी लागली. गो. ना. दातारांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना अस्सल मराठी वेष चढवला आणि दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. पुढचं नाव तर आमच्या शेजारचं. नंदाखालहून आगाशीमार्गे थोडं पुढे गेलं की अर्नाळा लागतं. चंद्रकांत सखाराम चव्हाण या लेखकाने ते नाव टोपणनावात घेतलं आणि बाबुराव अर्नाळकर (1906-1996) म्हणून हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंजार आणि काळा पहाड यांनी वाचनालयांचं भाडं भरलं, असं म्हटलं तरी चालेल. वडीलधारी मंडळी या पुस्तकांना नाकं मुरडत, पण पाठ्यपुस्तकात लपवून ती वाचतावाचताच कितीजणांचं मराठी वाचन पक्कं झालं! गंमत म्हणजे त्या कथांत हमखास येणारे 'पिस्तूल', 'काडतूस' आणि 'चावी' हे शब्द पोर्तुगिजांकडूनच मराठीत आलेले आहेत.

हे दोन्ही प्रवाह अलीकडे एका पुस्तकात एकत्र आले. नेव्ह मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' ही इंग्रजी कादंबरी 2020 साली प्रसिद्ध झाली. तिची प्रेरणा राजाबाई टॉवरचीच घटना. काळ 1892चा. शोध घेणारा कॅप्टन जिम अग्निहोत्री हा अँग्लो-इंडियन, पुण्याच्या अनाथालयात वाढलेला आणि होम्सचा चाहता. ज्याला स्वतःचा बाप कोण हे ठाऊक नाही, तोच दुसऱ्यांच्या मृत्यूचं कारण शोधायला निघतो.

इथे मला या आवडीचं मर्म सापडतं. अनाथाची गोष्ट विचारते, "हे मूल कुणाचं?" खुनाची गोष्ट विचारते, "हे कृत्य कुणाचं?" दोन्हींत वाचक उत्तराची वाट बघतो आणि शेवटच्या पानापर्यंत ते बहुधा मिळतं. इतिहासात ते क्वचित मिळतं. 1559च्या हुकुमाने नेलेल्या मुलांना आपली म्हणायला कुणी ऑलिव्हरचा म्हातारा हितचिंतक आला नाही. बचुबाईंच्या मृत्यूचा उलगडा करायला होम्स आला नाही.

म्हणून करमणुकीचं वाचन म्हणजे वेळ घालवणं, हे मला पटत नाही. गोष्टीत हिशेब चुकता झालेला पाहण्याची सवय लागली, की दफ्तरांत बिनचुकत्या राहिलेल्या हिशेबांकडे आपलं लक्ष जातं. निदान नावं तरी विचारावीत, असं वाटू लागतं. श्रोतेहो, तेवढं वाटलं तरी पुस्तकाचं भाडं वसूल झालं!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)