जयंतीच्या यादीत नसलेला हबशी

हिंगोलीत मी महसूल खात्यात कारकून आहे. ऑफिसात वर्षभर जयंत्या होतात. यादी वरून येते, आम्ही तसबीर पुसतो, हार घालतो. यंदा मी मलिक अंबरचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, "जन्मतारीख आणा."

कुठून आणू? इथिओपियात जन्मलेलं, गुलाम म्हणून बगदादमार्गे दख्खनेत विकलं गेलेलं पोर. त्याची तारीख कोण लिहून ठेवणार? तोच पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा (हैदराबादवाला निजाम नव्हे) पेशवा झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. नहर खोदून तिथं पाणी आणलं. जमिनीचा कस बघून सारा ठरवला. आमच्या टेबलावर आजही साऱ्याच्याच फायली!

१६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला कबर आहे. पुण्यतिथी चालेल का, हे सोमवारी विचारतो.