दोरीपलीकडचा वारा

दोन वर्षांपूर्वी लेकाने आम्हा दोघांना मुंबई-गोवा क्रूझवर नेलं. हे म्हणाले, "आता या वयात कशाला?" पण मला मात्र जायचं होतं. लहानपणी याच किनाऱ्याने आगबोटीतून जात होतो, त्यामुळे ओढ होतीच.

संध्याकाळी वरच्या उघड्या डेकवर गेलो. सूर्य बुडायला आला होता, चांगला वारा सुटला होता. फिरत फिरत पुढे जाते तो एक दोरी आडवी. शेजारी उभा असलेला गणवेशातला मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "आजी, हा भाग फक्त सूटवाल्यांसाठी आहे." त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्याचं तिकीट महाग त्याला जागा वेगळी, हा बोटींवरचा जुनाच रिवाज आहे. मी मागे फिरले खरी, पण मनाने थेट १९६२च्या मे महिन्यात जाऊन पोचले.

तेव्हा मी नऊ वर्षांची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची आणि मालवणला उतरायचं. तिकीट अर्थातच लोअर डेकचं. लोअर डेक म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. चटई पसरून जागा धरायची, उशाला ट्रंक, पायाशी कोणाची तरी करंडी, आणि सगळीकडे इंजिनच्या तेलाचा वास. त्या वेळी 'रामदास' बोटीची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, रेवसला निघालेली ती बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली होती. बोट जरा कलली की वडील आम्हाला दटावत, "सगळे एका बाजूला जाऊ नका रे!"

आईला बोट लागली. ती सारखी ओकत होती. कोणीतरी म्हणालं, वर नेऊन वाऱ्यात बसवा, बरं वाटेल. वडिलांनी तिकिटाच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, वरच्या डेकचा फरक भरा. वडिलांनी खिशातले पैसे दोनदा मोजले. एकीपुरते होते. पण आई आम्हाला सोडून एकटी वर जायला तयार होईना. "नको, मी हयच बरी," एवढंच म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. पहाटे मालवणच्या बंदराबाहेर बोट थांबली आणि आम्ही पडावात उतरलो, तेव्हा कुठे तिच्या तोंडावर वारा लागला.

पुढे शाळेत इतिहास शिकवताना मुलांना 'टायटॅनिक'बद्दल सांगायची वेळ यायची, आणि प्रत्येक वेळी मला तो लोअर डेक आठवायचा. त्या बोटीवर उघड्या डेकची वाटणी काटेकोर होती. सगळ्यात वरच्या बोट डेकवर फिरण्याची जागा पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाला. तिसऱ्या वर्गाला त्याखालची, दोन टोकांकडची उघडी जागा. मध्ये फाटकं. यात नुसती श्रीमंतांची ऐट नव्हती. अमेरिकेचा कायदाच असा होता की रोगराईच्या भीतीने स्थलांतरितांना इतर प्रवाशांपासून वेगळं ठेवायचं.

आता गंमत पाहा (गंमत तरी कसली म्हणायची!). जीवरक्षक होड्या टांगलेल्या होत्या त्या त्याच बोट डेकवर. म्हणजे रोज जिथे जायची मुभा नव्हती तिथेच १४ एप्रिल १९१२च्या रात्री जीव वाचवायला जायचं होतं, आणि तिसऱ्या वर्गातल्या बहुतेकांना तिथली वाट ठाऊक नव्हती. जॉन हार्ट नावाच्या स्टुअर्डने तिसऱ्या वर्गातल्या बायका-मुलांच्या दोन तुकड्या वाट दाखवत वर नेल्या. वाट होती, पण ती दाखवायला माणूस लागत होता.

ब्रिटिश चौकशीतले आकडे असे: पहिल्या वर्गातल्या ३२५ जणांपैकी २०३ वाचले, दुसऱ्यातल्या २८५ पैकी ११८, आणि तिसऱ्यातल्या ७०६ पैकी फक्त १७८. होड्या सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्याच, हे खरं. पण ज्या होत्या त्यांच्याजवळ आधी कोण पोचलं, हे या आकड्यांत दिसतं. चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी यांनी तिसऱ्या वर्गावर अन्याय झाला नाही असा निष्कर्ष काढला. ते लोक बोट सोडायला नाखूष होते, सामान टाकवेना, आणि बोटीच्या टोकांकडून त्यांना वर आणणं अवघड होतं, अशी कारणं दिली. त्या चौकशीत तिसऱ्या वर्गातल्या एकाही प्रवाशाची साक्ष झाली नव्हती. मुलांना मी विचारायची, "ज्यांच्याबद्दल निकाल, त्यांनाच विचारलं नाही, तर तो इतिहास कोणाचा?"

या अपघातातूनच १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरी माणूस विसरतोच. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. २०१५पासून बोट निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी ही कवायत घ्यावीच लागते.

आमचीही झाली होती, त्याच दिवशी दुपारी. सगळ्यांना होड्यांखालच्या डेकवर रांगेत उभं केलं, जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. कंटाळा आला म्हणून हे कुरकुरत होते. आमच्याच रांगेत एक वयस्क जोडपं उभं होतं, त्या बाईंना जॅकेटचा पट्टा सापडेना म्हणून मी शोधून दिला. संध्याकाळी दोरीपलीकडे खुर्चीत बसलेली पाहिली ती तीच दोघं. बाईंनी ओळखून हात हलवला. मीही हलवला.

असो. दोरीबद्दल माझी तक्रार नाही. गाद्या-गिरद्या, पोहण्याचा हौद ज्याला परवडेल त्याने घ्यावा. पण होडीपर्यंतची वाट मात्र सगळ्यांची हवी, आणि ती आधी दाखवलेली हवी. एवढी साधी गोष्ट नियमात यायला सुमारे दीड हजार माणसं बुडावी लागली.

आणि वाऱ्याचं म्हणाल, तर तो तरी कोणाला विकत घ्यावा लागू नये. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मी कठड्याशी उभी होते. दूर किनाऱ्यावर दिवे दिसत होते. लेक दोनदा बोलवायला आला, "आई, थंडी वाजेल, आत चल." त्याला म्हटलं, थांब जरा. आजीच्या वाट्याचाही घेतेय.