किंडरची वाट आणि सतरा वर्षांचा गीतकार

१९३२ साली इंग्लंडात परक्याच्या जमिनीवर नुसते पाऊल टाकणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. जमीनमालक फार तर दिवाणी दावा लावू शकत होता. घुसखोरांवर खटला भरला जाईल अशा पाट्या माळरानांच्या कडेला जागोजाग ठोकलेल्या असत, आणि कायदा जाणणारे लोक त्या पाट्यांना थट्टेने ‘लाकडी थापा’ म्हणत. तरीही त्या वर्षीच्या जुलैत डर्बीच्या न्यायालयाने पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. आरोप होता दंगलीचा आणि मारहाणीचा. कारण मात्र एका डोंगरावर चालत जाणे एवढेच होते.

तो डोंगर म्हणजे किंडर स्काउट. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन धुरकट औद्योगिक शहरांच्या मधोमध पसरलेले हे पठार जेमतेम ६३६ मीटर उंच आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ते डोंगर म्हणण्याजोगेही वाटणार नाही. पण आठवडाभर गिरणीत किंवा कारखान्यात राबणाऱ्याला, आणि मंदीच्या त्या वर्षांत काम नसलेल्यालाही, रविवारी आगगाडीने गाठता येईल अशी मोकळी हवा तिथेच होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या कुंपणाच्या कायद्यांनी गावोगावची सामाईक चराऊ जमीन खासगी झाली होती. किंडरचा मोठा भाग डेव्हनशरच्या ड्यूककडे होता आणि वर्षातले थोडेच दिवस चालणाऱ्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी तो बारा महिने राखलेला असे. कडेने जाणारी विल्यम क्लफची एक वाट १८९७ मध्ये पायवाट संस्थेने वाटाघाटी करून खुली करून घेतली होती. वाट सोडून पठारावर चढले की रखवालदार काठ्या घेऊन सामोरे येत.

हा हक्क मागणारे लोक आधी नव्हते असे नाही. जेम्स ब्राइस यांनी स्कॉटलंडच्या डोंगरांवर चालण्याच्या हक्काचे विधेयक १८८४ मध्येच संसदेत मांडले. ते आणि त्यामागून आलेली विधेयके एकामागून एक बारगळली. १८९६ मध्ये बोल्टन गावाजवळच्या विंटर हिलवर कर्नल एन्सवर्थ यांनी रस्ता बंद केला, तेव्हा सुमारे दहा हजार माणसे फाटक ओलांडून गेली. लँकेशरच्या बोलीत लिहिणारे पत्रकार अॅलन क्लार्क यांनी त्या मोर्चासाठी गाणेही रचले. पण पुढे कर्नलने कोर्टात बाजी मारली आणि गर्दी ओसरली. किंडरच्या कथेत हा पूर्वाध्याय क्वचितच सांगितला जातो, आणि तो सांगितला पाहिजे: गर्दीही होती, गाणेही होते, तरी हार झाली.

१९३२च्या ईस्टरला ‘ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन’ या डाव्या संघटनेचे शिबिर रोवर्थला भरले होते. तिथून फिरायला निघालेल्या काही जणांना रखवालदारांनी दमदाटी करून परतवले. संघटनेचा स्थानिक चिटणीस बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. मोटार दुरुस्तीचे काम करणारा, त्या वेळी बेकार. वीस-तीस जण गेले तर मार खाऊन परत येतात, मग शेकडो का जाऊ नयेत, हा त्याचा साधा हिशेब. पत्रके वाटली गेली, वर्तमानपत्राला मुलाखत दिली गेली. वर्तमानपत्रांना निवेदने धाडण्याचे काम सॅल्फर्डच्या जिमी मिलर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाकडे होते. शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली, रस्त्यावर नाटके करण्याचा नाद, आणि डोंगराचे वेड.

२४ एप्रिल, रविवार. स्टेशनवर पोलीस असणार हे ओळखून रॉथमन सायकलने हेफील्डला पोहोचला. गावच्या मैदानात सभाबंदी होती, म्हणून सगळे बोडन ब्रिजच्या दगडखाणीत जमले. ठरलेला वक्ता ऐन वेळी मागे सरला, तेव्हा रॉथमनच एका खडकावर चढून बोलला. मग चारेकशे माणसे (काहींच्या मते बरीच जास्त) गाणी म्हणत विल्यम क्लफने वर निघाली. चढावर रखवालदारांशी झटापट झाली, त्यात एका रखवालदाराचा पाय मुरगळला. अॅशप हेडपाशी शेफील्डहून आलेली तुकडी भेटली आणि सगळे माघारी वळले. ही जागा किंडरचा माथा नव्हे. टीकाकार हे आवर्जून सांगतात. हेफील्डला परतल्यावर पोलिसांनी रखवालदारांकरवी ओळख पटवून माणसे धरली. एकूण सहा जणांवर खटला झाला, सगळे विशीच्या आगेमागे. आरोप ठरवणाऱ्या मोठ्या ज्यूरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदारांचाच भरणा होता. रॉथमनसह काही आरोपी ज्यू होते, आणि न्यायाधीशांनी त्यांच्या नावांकडे ज्यूरीचे लक्ष वेधायला कमी केले नाही. रॉथमनने स्वतःची बाजू स्वतःच मांडली. त्याला चार महिने मिळाले.

चालणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटना या प्रकारावर नाराज होत्या. वर्षानुवर्षे मालकांशी गोडीगुलाबीने चाललेली बोलणी या पोरांनी उधळली, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच खोटे नव्हते. पण त्या बोलण्यांतून पन्नास वर्षांत काय मिळाले होते, हे विचारले की उत्तर अवघड होते. शिक्षांनी मात्र चित्र पालटले. घुसखोरी न आवडलेल्यांनाही कैद अन्यायाची वाटली. त्याच जूनमध्ये, म्हणजे शिक्षा होण्याच्याही आधी, विनॅट्स खिंडीतल्या वार्षिक मेळाव्याला दहा हजार लोक जमले.

जिमी मिलरने त्याच सुमारास ‘द मँचेस्टर रॅम्बलर’ हे गाणे लिहिले. पुढे तो इवन मॅकॉल या नावाने ब्रिटनच्या लोकसंगीत-पुनरुज्जीवनाचा अग्रणी झाला. ‘डर्टी ओल्ड टाउन’ त्याचेच. रॅम्बलरमध्ये घोषणा जवळजवळ नाहीत. एक कामगार बोलतो, त्याची एका रखवालदाराशी गाठ पडते, शब्दाला शब्द लागतो. आपल्याकडच्या शाहिरीतला सवालजवाब आठवावा असा हा प्रसंग थट्टेच्या अंगाने जातो. माझ्या मते त्याचे टिकणे इथेच आहे. क्लार्कचे गाणे एका रविवारच्या मोर्चाचे निमंत्रण होते. तो रविवार गेला की निमंत्रण शिळे झाले. मॅकॉलचे गाणे कोणत्याही चढावर, कोणत्याही रविवारी म्हणता येते. किंडरवर न गेलेला माणूसही ते म्हणताना त्या भांडणात एक बाजू घेऊन बसतो.

याचा अर्थ गाण्याने कायदा केला असा नव्हे. १९३९ चा डोंगर-प्रवेश कायदा तर मालकांच्या दबावाने इतका वाकवला गेला, की त्यात काही ठिकाणी चालणाऱ्यालाच दंडाची तरतूद निघाली. खरा फरक पडला युद्धानंतर, १९४९ च्या राष्ट्रीय उद्यान कायद्याने. १९५१ मध्ये किंडरचा परिसर ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. त्या कामामागे टॉम स्टीफन्सन यांच्यासारख्या चिवट कार्यकर्त्यांचे श्रम होते, आणि स्टीफन्सन घुसखोरीचे कडवे टीकाकार. त्यांनीच कल्पिलेली सुमारे ४३० किलोमीटरची पेनाइन वे ही पायवाट १९६५ मध्ये अधिकृतपणे खुली झाली, ती तारीख होती २४ एप्रिल.

मोकळ्या माळरानांवर मुक्तसंचाराचा हक्क इंग्लंडला २००० सालच्या कायद्याने मिळाला. जानेवारी २००२ मध्ये रॉथमन वारला. तीन महिन्यांनी, सत्तराव्या स्मरणदिनाच्या कार्यक्रमात, अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली.

त्या कायद्याने खुली झाली ती इंग्लंडची फक्त आठेक टक्के जमीन. जानेवारी २०२३ मध्ये डार्टमूरवर तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क उच्च न्यायालयाने नाकारला, तेव्हा आठवडाभरात सुमारे तीन हजार माणसे ढोल आणि गाणी घेऊन त्या माळावर चालत गेली. त्यांत तरुण मोठ्या संख्येने होते. अपील न्यायालयाने त्याच वर्षी निकाल फिरवला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. उरलेल्या जमिनीचा वाद चालूच आहे.